विहिरीच्या ढिगातला स्टिल्बाइट : झिओलाइट ओळखायला आणि जमवायला शिकताना

झिओलाइट म्हणजे रचनेत पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांचा एक गट. महाराष्ट्रात राहणाऱ्याला ती शोधायला लांब जावं लागत नाही. राज्याचा बहुतेक भाग ज्या काळ्या बेसाल्टवर बसला आहे, तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून तयार झाला. लाव्हा निवताना त्यातले वायू वर सरकले, थराच्या माथ्याजवळ अडकले आणि तिथे पोकळ्या राहिल्या. पुढे फार मोठ्या काळात या पोकळ्यांतून पाणी झिरपत राहिलं. त्याने दगडातलंच कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका विरघळवून आणलं, आणि पोकळीच्या भिंतीवर स्फटिक वाढले. म्हणून एकसंध काळ्या कातळात शोधत बसू नका. त्या थराचा माथा शोधा: भोकाभोकांचा, तपकिरी किंवा जांभळट, पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला दगड. विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात.

निसर्गात चाळीसहून जास्त झिओलाइटं सापडतात. सगळी एकदम शिकायला गेलात तर आठवड्यात कंटाळाल. माझा सल्ला असा की आधी एकट्या स्टिल्बाइटशी ओळख करून घ्या. तो आपल्याकडे भरपूर मिळतो, त्याचा आकार ठळक असतो, आणि शेजारी वाढणारी बाकीची खनिजं त्याच्याशी ताडून शिकता येतात.

घराबाहेर पडण्याआधी

चित्रांवरून खनिज शिकणं अवघड आहे. फोटोत चमक दिसते, पण दगड हातात फिरवल्यावर ती कशी सरकते हे कळत नाही. म्हणून आधी खरे नमुने पाहा. नाशिक जिल्ह्यात सिन्नरला गारगोटी नावाचं खनिज संग्रहालय आहे, तिथे दख्खनचे उत्तम स्फटिक एका छताखाली पाहायला मिळतात. जवळच्या कॉलेजात भूशास्त्र विभाग असेल तर तिथल्या प्रयोगशाळेतले नमुने बघायला मिळतील का, हे विचारून पाहा. तिथले साधे, खरचटलेले तुकडे हाताळायला देतात, आणि शिकायला तेच चांगले.

स्टिल्बाइट पाहताना आकार लक्षात ठेवा: मधोमध आवळून बांधलेली पेंढी, दोन्ही टोकांना पसरलेली. एकेकटा स्फटिक पातळ पाटीसारखा असतो, पण बहुतेक वेळा अशा पाट्या एकमेकींना चिकटून पंखा किंवा पेंढी होते. रंग पांढरा, मोतिया, पीच, फिकट गुलाबी, कधी विटकरी. रंगावरून ओळखायला जाऊ नका. नवखे सगळ्यात जास्त तिथेच फसतात, आणि विकणाऱ्यालाही ते बरोबर माहीत असतं.

घरच्या चार परीक्षा

पहिली परीक्षा फुटण्याची. स्टिल्बाइटचा एक बारका, निरुपयोगी तुकडा घ्या आणि सुईच्या टोकाने कडेला दाबा. तो एकाच दिशेने सपाट पापुद्र्यात सुटतो, आणि त्या सपाट बाजूवर शिंपल्याच्या आतल्या भागासारखी मऊ, मोतिया चमक दिसते. बाकीच्या बाजू काचेसारख्या चमकतात. दोन बाजूंच्या चमकेतला हा फरक एकदा नजरेत बसला की अर्धं काम झालं. गारगोटीला, म्हणजे क्वार्ट्झला, अशी सपाट फूट नसतेच.

दुसरी परीक्षा सुईची. पोलादी सुईने स्टिल्बाइटवर ओरखडा पडतो, कारण एक ते दहाच्या मोह्स मापावर त्याची कठिनता ३.५ ते ४ आहे. क्वार्ट्झची ७, त्याच्यावर सुई नुसती घसरते. ओरखडा नेहमी तुटक्या कडेवर काढा. चांगल्या स्फटिकाच्या तोंडावर सुई चालवणाऱ्याला पुढे कोणी नमुना हातात देत नाही.

तिसरी परीक्षा व्हिनेगरची. पांढऱ्या तुकड्याची थोडी भुकटी करा, त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका आणि भिंगातून पाहा. बुडबुडे आले तर ते कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज आहे. झिओलाइट व्हिनेगरमध्ये फसफसत नाही. बाथरूम साफ करायचं ॲसिड या कामाला वापरू नका. त्याची वाफ घशाला लागते, आणि ते झिओलाइटही खराब करतं.

चौथी परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण तिला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. मात्र तुकडा शुद्ध हवा, मागे काळा दगड चिकटलेला नको. आधी तुकडा कोरडा तोला. समजा ४२ ग्रॅम भरला. मग पाण्याने भरलेली वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. दोरा हातातच धरा, आणि तुकड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने हलकेच टिचकी मारून घालवा. आता काटा समजा १९.५ दाखवतो. ४२ भागिले १९.५, म्हणजे सुमारे २.१५. हे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तुकडा तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा, स्टिल्बाइट आणि त्याच्या शेजारी वाढणाऱ्या ह्यूलँडाइटच्या पट्ट्यात बसतं. दुसरा शेजारी ॲपोफिलाइट २.३३ ते २.३७ च्या आसपास येतो, क्वार्ट्झ २.६५ आणि कॅल्साइट २.७१. तेवढ्याच वजनाचा क्वार्ट्झ असता तर काट्याने १६ च्या जवळपास आकडा दाखवला असता. फरक इतका मोठा आहे की साधा काटाही तो पकडतो. फक्त त्याने दशांशापर्यंत दाखवायला हवं.

तापवण्याची एक जुनी परीक्षाही आहे. ॲक्सेल क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने १७५६ साली असा दगड तापवला तेव्हा तो फेसाळल्यासारखा फुगला, आणि या गटाला झिओलाइट हे नाव मिळालं. या खनिजांच्या रचनेत बारीक वाटा असतात, त्यात पाणी बसलेलं असतं आणि उष्णतेने ते बाहेर पडतं. करून पाहायचं असेल तर मोहरीएवढा कण चिमट्यात धरून ज्योतीवर धरा. गॉगल घाला आणि लहान मुलांना लांब ठेवा. स्टिल्बाइट पांढरा पडतो आणि फुगून वळतो.

दगडाची भुकटी कोणत्या रंगाची हे पाहण्यासाठी फरशीच्या खडबडीत मागच्या बाजूवर रेघ ओढायला सांगतात. इथे तिचा काही उपयोग नाही, रेघ सगळ्यांचीच पांढरी येते.

शेजारी कोण कोण असतात

सगळ्यात जवळचा शेजारी ह्यूलँडाइट. चमक तीच, कठिनता तीच, वजनही तेच, आणि पुष्कळदा एकाच पोकळीत दोघं बरोबर. फरक आकाराचा. ह्यूलँडाइटचा एकेक स्फटिक सुटा, जाडसर, पोटात रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. पेंढी होत नाही. दोघं शेजारी दिसतात तो तुकडा मुद्दाम घ्या आणि कायम टेबलावर ठेवा. याहून चांगलं पाठ्यपुस्तक नाही.

मग ॲपोफिलाइट. दुकानांत तो झिओलाइट म्हणून विकला जातो, पण तो झिओलाइट नाही, फक्त त्यांच्या सोबतीने वाढतो. चौकोनी खांब, वर सपाट माथा किंवा टोकदार पिरॅमिड, खांबाच्या बाजूंवर उभ्या बारीक रेघा, आणि मोतिया चमक फक्त माथ्यावर. कठिनता ४.५ ते ५. पुण्याच्या पाषाण भागातल्या खाणींतून निघालेला हिरवा ॲपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे, आणि अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याला तर विहिरी खणताना अप्रतिम स्फटिक निघाले.

सुयांसारखे स्फटिक दिसले तर बहुधा स्कोलेसाइट, मेसोलाइट किंवा नॅट्रोलाइट. या तिघांत नुसत्या डोळ्यांनी छातीठोकपणे फरक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चिठ्ठीवर 'सुयांचा झिओलाइट, बहुधा स्कोलेसाइट' असं लिहिलं तर त्यात कमीपणा नाही. मॉर्डेनाइट त्याहून बारीक, केसांसारखा. ओकेनाइटचे पांढरे मऊ गोळे दिसायला फार देखणे, पण तोही झिओलाइट नाही. बोट लावलंत की त्याचे तंतू कायमचे चपटे होतात. चॅबाझाइट जवळजवळ घनासारखा दिसतो, म्हणून कॅल्साइट वाटतो. व्हिनेगरने शंका फिटते. हिरवट, गोलसर, सुईला दाद न देणारा प्रेहनाइट मुंबईच्या उपनगरांतल्या जुन्या खाणींतून पुष्कळ निघाला.

वाघोलीच्या निळ्या कॅव्हन्साइटबद्दल प्रत्येक नवखा विचारतो. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला हा व्हॅनेडियमचा झळाळता निळा स्फटिक बहुधा स्टिल्बाइटवरच बसलेला असतो, त्यामुळे स्टिल्बाइट ओळखता आला की खोटा कॅव्हन्साइट ओळखायलाही मदत होते. स्टिल्बाइटवर निळा स्फटिक गोंदाने चिकटवून विकण्याचे प्रकार होतात. भिंगातून बुडाशी पारदर्शक, गोलाकार कडेचा थर किंवा अडकलेला हवेचा बुडबुडा दिसला तर तुकडा परत ठेवा.

कुठे जायचं, कधी जायचं

बहुतेक जण थेट दगडखाणीकडे धावतात. मी म्हणेन, पहिलं वर्षभर खाणीच्या भिंतीपासून लांब राहा आणि नव्या विहिरीच्या ढिगाकडे जा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की विहिरी खणल्या जातात किंवा खोल केल्या जातात, आणि काठावर फोडलेल्या दगडाचा ढीग पडतो. सुरुंगाने आतला मांजऱ्या आधीच उघडा केलेला असतो, वरून काही कोसळायची भीती नसते, आणि शेतकऱ्याला तो ढीग नकोसाच असतो. जूनचा पहिला जोरदार पाऊस पडून गेला की माती धुऊन निघते आणि तिरप्या उन्हात चमकणारी तोंडं लांबूनच दिसतात. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जा, सूर्य पाठीशी ठेवा आणि ढिगाभोवती सावकाश फिरा.

शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा. 'झिओलाइट' म्हणून काही कळणार नाही. 'विहिरीत चमकणाऱ्या गारगोट्या निघाल्या का, दादा?' असं विचारलंत की तो स्वतः चार तुकडे घराच्या ओट्यावरून आणून दाखवेल. त्याला पैसे देऊ करा, तो नको म्हणाला तरी पुन्हा विचारा. आणि तो तुकडा किती हात खोलीवर निघाला, कोणत्या साली, हे लगेच वहीत लिहून घ्या. ही माहिती नंतर कुठेच मिळत नाही.

नाशिक, सिन्नर, जळगाव, छत्रपती संभाजीनगर, पुणे आणि अहिल्यानगर या पट्ट्यांत चांगले नमुने मिळत आले आहेत. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात रेल्वेचा मार्ग फोडताना (१८५६ ते १८६३) निघालेल्या स्फटिकांनी दख्खनचं नाव युरोपातल्या संग्राहकांपर्यंत नेलं. आज त्या घाटात रुळांच्या बाजूला हातोडा घेऊन फिरणं बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारंही.

राखीव वनातून दगड उचलायला भारतीय वन अधिनियम, १९२७ आडवा येतो. अभयारण्य, किल्ले, लेणी आणि लोणार सरोवराचा परिसर ही ठिकाणं फक्त पाहायची. अजिंठा-वेरुळच्या बाहेर फेरीवाले स्फटिक विकतात, तेही डोळसपणे घ्या. गडद गुलाबी किंवा निळ्या केसाळ गोळ्यांची पोकळी दिसली तर तो रंगवलेला ओकेनाइट आहे. मूळचा पांढराच असतो.

खाणीत गेलातच तर

खाण कोणाच्या तरी भाडेपट्ट्यावर असते. मालकाची परवानगी घ्या, आणि ती मुकादमालाही कळू द्या. आत कागदावरची सही नव्हे, मुकादमाचा शब्द चालतो. सुरुंग कधी उडवतात ते विचारा आणि त्या वेळी आवाराबाहेर रहा. दगडात अडकलेली वायर किंवा न उडालेल्या सुरुंगाचं भोक दिसलं तर हात न लावता माणसाला बोलावून दाखवा. भिंतीच्या पायथ्याशी बसून कधीही फोडू नका, पाऊस पडून गेल्यावर तर मुळीच नाही. जुन्या खाणींत साठलेलं पाणी शांत दिसतं पण खोल असतं आणि काठ सरळ तुटलेले असतात.

आणि एक गोष्ट जी पुस्तकांत क्वचित असते: दगड उलटताना नेहमी पलीकडची बाजू आधी उचला, म्हणजे दगड तुमच्यात आणि खालच्या प्राण्यात आड येतो. फुरसे अशा ढिगांत आवडीने राहतं, विंचू तर असतातच. खाणीच्या उंच कड्यांवर आग्या मोहोळ लोंबत असेल तर हातोड्याचा आवाजही करू नका. हेल्मेट, गॉगल, जाड तळाचे बूट, भरपूर पाणी, आणि घरी कोणाला तरी तुमचं ठिकाण सांगून निघणं, हे न सांगता समजायला हवं.

काढायचं कसं

सामान थोडं पुरतं: किलोभराचा हातोडा, दोन छिन्न्या, दहापट मोठं दाखवणारं भिंग, टॉर्च, टिश्यू पेपर, जुनी वर्तमानपत्रं, अंड्यांचे ट्रे, मार्कर आणि वही. मोठी सुतकी आणि पहार पहिल्या वर्षी नकोच. त्या हातात आल्या की माणूस विचार करायचं थांबतो.

पोकळी सापडली की आधी फोटो काढा, शेजारी पेन ठेवून, म्हणजे आकार कळेल. मग आत टिश्यू पेपर हळूच भरा. ते उडणाऱ्या कपच्या अडवतं आणि सैल स्फटिक सावरतं. छिन्नी स्फटिकापासून किमान वीतभर लांब, काळ्या दगडात लावा. स्फटिक सुटा उपटू नका. मागच्या दगडासकट निघालेला लहान नमुना, सुट्या मोठ्या पेंढीपेक्षा जास्त मोलाचा असतो, कारण कोण कोणावर वाढलंय ते त्यावर वाचता येतं. स्टिल्बाइटवर ॲपोफिलाइट बसलाय की ॲपोफिलाइटवर स्टिल्बाइट, यावरून पोकळीत कोण आधी आलं ते ठरतं.

पूर्ण पोकळी हलवणं शक्य नसेल तर तशीच सोडा. फोडून दहा कपच्या घरी आणण्यात काही अर्थ नाही.

बांधताना आधी टिश्यू, मग वर्तमानपत्र. सुयांच्या नमुन्याला मात्र काहीही गुंडाळू नका. त्याचा काळा दगड खोक्याच्या तळाशी दोऱ्याने घट्ट बांधा, म्हणजे सुयांना कशाचाच स्पर्श होणार नाही.

घरी आल्यावर

स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट आणि ॲपोफिलाइट कोमट पाण्यात रात्रभर भिजवून लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने धुता येतात. तारेचा ब्रश नको, उकळतं पाणी नको. ॲसिड तर नकोच, कारण काही झिओलाइटं ॲसिडमध्ये चिकट जेलीसारखी होतात. कॅल्साइटचा थर काढायच्या मोहात चांगला स्कोलेसाइट गमावलेले लोक पुष्कळ आहेत. ओकेनाइट आणि मॉर्डेनाइटला पाणीही लावू नका, लहान फुंकणीने धूळ उडवा. वाळवायचं ते सावलीत, कडक उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली नाही.

लॉमाँटाइट नावाचा झिओलाइट मिळाला तर विशेष जपा. तो कोरड्या हवेत स्वतःचं पाणी सोडतो, आधी पांढुरका होतो आणि मग भुगा. खणताना सुंदर दिसलेला पांढरा खांब काही महिन्यांत पुडीतली पूड झाला, असं होऊ शकतं. झाकण घट्ट बसणाऱ्या डबीत, ओलसर कापसाच्या बोळ्यासोबत ठेवा.

आता चिठ्ठी. नमुन्याच्या मागच्या काळ्या दगडावर पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका द्या, तो वाळल्यावर काळ्या शाईने क्रमांक लिहा. तोच क्रमांक वहीत आणि खोक्यातल्या चिठ्ठीवर. चिठ्ठीवर खनिजाचं नाव सगळ्यात शेवटी लिहिलं तरी चालेल, ते नंतर बदलू शकतं. आधी लिहा: विहीर की खाण, गट क्रमांक मिळाल्यास तोही, गाव, तालुका, जिल्हा, खोली, तारीख, आणि फोनवरून घेतलेले जीपीएसचे आकडे. पुण्या-मुंबईच्या कित्येक जुन्या खाणींवर आता इमारती उभ्या आहेत. तिथला नमुना दुसऱ्यांदा कोणी आणू शकणार नाही, पण चिठ्ठी असेल तर तो कुठला हे सांगता येतं. नुसतं 'पुणे' किंवा 'नाशिक' लिहिलेल्या नमुन्याला अभ्यासात जवळजवळ काही किंमत नाही, कितीही चमकदार असला तरी.

स्टिल्बाइटसारखाच दिसणारा स्टेलेराइट नावाचा जवळचा नातेवाईक आहे, आणि दोघांत खात्रीने फरक करायला क्ष-किरणांची तपासणी लागते. घरी हा प्रश्न सुटत नाही, म्हणून चिठ्ठीवर 'स्टिल्बाइट, डोळ्यांनी ओळखलेला' एवढं प्रामाणिकपणे लिहा. पुढे तपासणी झाली तर जुनं नाव खोडू नका, खाली नवीन नाव, तपासणीची पद्धत आणि तारीख लिहा. नमुना कोणाला दिलात तर मूळ चिठ्ठी त्याच्याबरोबर जाऊ द्या आणि स्वतःच्या वहीत तो कोणाकडे गेला ते नोंदवा.